तीन शेरांची जागा

मकबूलभाई भेटला की 'काय मास्तर, बरं आहे ना?' असं कधी विचारायचा नाही. आधी माझ्या पायांकडे बघायचा, मग पोटाकडे, तिथं जरा रेंगाळायचा, आणि भर बाजारात मोठ्यानं सांगायचा, "दोन मण बावीस शेर. मास्तर, परवाच्या लग्नात दोन शेर घेतलं तुमी."

आता मी जाड आहे हे मला मान्य आहे. घरात आरसा आहे, आणि आरसा नसता तरी आमची बायको, सिंधू, आहे. पण कामशेतच्या बाजारात, माझ्या शाळेतल्या पोरांच्या आया वांगी निवडत असताना, माझं वजन शेरापर्यंत जाहीर व्हायची काही गरज होती का? मी चिडायचो. तो शांतपणे म्हणायचा, "रागावू नगा. रागानं वजन उतरत न्हाई. मी बघितलंय."

ही लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी पवन मावळात काले गावी शाळामास्तर होतो. कामशेत स्टेशनापासून काल्याला यायचं तर मधली खिंड ओलांडावी लागे, आणि त्या रस्त्यावर भाड्याची मोटार एकच, मकबूलभाईची. मोटार म्हणजे पुढं इंजिन, मागं लाकडी सांगाडा, आत समोरासमोर दोन बाकडी आणि वर ताडपत्री. सगळे तिला टॅक्सी म्हणत, कारण मकबूलभाई म्हणे.

टॅक्सी घ्यायच्या आधी तो कामशेतच्या एका तांदळाच्या पेढीवर तोलारी होता. दिवसभर पोती काट्यावर चढवायची, उतरवायची, मोजायची. हात असा बसलेला की पोतं नुसतं हलवलं तरी आतला तांदूळ किती आणि खडे किती, हे सांगेल. तोलाऱ्यांची एक रीत असते. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं, म्हणजे रास सरत नाही. मकबूलभाई पॅसेंजरही तसेच मोजायचा. पहिला चढला की "बरकत!" आणि मग "दोन, तीन, चार". त्यामुळे पहिलं चढायला बायकांची झुंबड उडे. दिवसाची बरकत आपल्या वाट्याला यावी असं कुणाला नाही वाटत?

मोटारीच्या अंगावर सरकारी पाटी होती. तिच्यावर गाडीला किती भार चालेल ते इंग्रजीत लिहिलेलं, तेरा हंड्रेडवेट. नवीन होतो तेव्हा मकबूलभाईनं मला ती पाटी दाखवली आणि म्हणाला, "मास्तर, ह्याचं मण करून द्या." मी मोठ्या हौसेनं शाळेच्या फळ्यावर गणित मांडलं. सतरा मण सत्तावीस शेर आणि वर थोडं.

"थोडं म्हंजी किती?"

"शेराला कमी."

"मग ते सोडा. ते गाडीचं."

असं म्हणून त्यानं दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात रंगवून घेतलं, '१७ मण २७ शेर'. म्हणजे बघा, मी माझ्या हातानं माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण मकबूलभाईनं तो आकडा जन्मभर पाळला. दुसरे मोटारवाले टपावर माणसं बसवत, पायरीवर लोंबकळवत, मडगार्डवरसुद्धा एखादा चिकटवत. हा एकेकाला समोर उभं करून नजरेनं तोले, मनात बेरीज करी आणि बेरीज भरली की दार लावून टाकी. मग मामलेदार येवो नाहीतर त्याचा बाप. शंका आली तर मोटारीखाली वाकून, स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते बघे. "मानूस खोटं बोलंल, पाटं बोलनार न्हाईत," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

भाडं सगळ्यांना सारखं, पण जागा वजनाप्रमाणे. जड डावीकडे, हलका उजवीकडे. नवराबायको एका बाकड्यावर बसतील याची खात्री नाही. एकदा तर बांधावरून बारा वर्षं कोर्टात भांडणारे दोन चुलतभाऊ त्यानं मांडीला मांडी लावून बसवले. दोघं फणफणले. मकबूलभाई म्हणाला, "दोघं बी एक मण वीस. छटाकभर इकडं न्हाई का तिकडं न्हाई. मग भांडता कशापायी?" खिंड येईस्तोवर ते दोघं निदान त्याला शिव्या देण्यात तरी एक झाले होते.

वऱ्हाडाची तऱ्हा तर विचारूच नका. "वरमाय दोन मण सव्वीस!" अशी त्यानं आरोळी ठोकली, तेव्हा मुलीकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. वरमाय रुसून खाली धुळीत बसली. चालत जाईन म्हणाली, पण ह्या मेल्याच्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. हा म्हणतो, "चाला मावशी, खिंडीपतुर दीड शेर तरी उतरंल." शेवटी नवऱ्या मुलानं पाया पडून आईला चढवलं आणि स्वतः बैलगाडीतून आला, कारण बेरीज त्याच्याशिवायच भरली होती. मुहूर्त टळला तो टळलाच.

मग पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी आली. कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. चालायचं कमी, खोकायचं जास्त. भट्टीचं वजन चार मण. मकबूलभाईच्या कपाळाला आठ्या पडल्या त्या गेल्याच नाहीत. "चार मणाचा जावई आलाय घरला," तो म्हणायचा. "बसतो फुकट, खातो कोळसा, आन चढ लागला की रुसतो." सतरा मण सत्तावीसातून जावयाचे चार मण गेले, उरले तेरा मण सत्तावीस. सात-आठ माणसं. माझ्यासारखा एक असला की सातच.

ड्रायव्हरचंही वजन लागतं म्हणून तो स्वतः वाळत चालला. बाजारच्या दिवशी सकाळी अर्धीच भाकरी खायचा. चांगल्या भरघोस मिशा होत्या, त्या काढून आला. मी म्हटलं, "भाई, मिशांचं असं काय वजन असतं हो?"

"मिशांचं न्हाई मास्तर. त्यास्नी लावत्यात त्या तेलाचं."

अशा माणसाशी काय बोलणार तुम्ही?

आणि एवढं सगळं करून, बेरीज तेरा मण चोवीस झाली की हा दार लावायचा! तीन शेर शिल्लक ठेवून. रोज. कुणीही असो, कितीही गयावया करो. एकदा माझ्या हातात आंबेमोहराची पिशवी होती, बरोबर तीन शेरांची. लोणावळ्याला सासुरवाडीला न्यायची होती. हा म्हणाला, "पिशवी उद्या."

"अहो भाई, तीन शेर जागा आहे की! गणित मीच करून दिलंय!"

"जागा हाय. पन ती भरल्याली हाय."

"कुणी भरलीय? मला तर काही दिसत नाही."

तो भट्टीत कोळसा घालायला निघून गेला. पिशवी काल्यातच राहिली आणि मी सासुरवाडीला हात हलवीत गेलो. सासरे काही म्हणाले नाहीत, पण जेवताना तूप दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. गावातले लोक म्हणत, मोटारीत त्या पुढच्या कोपऱ्यात पीर बसतो. काही बायका चढताना कोपऱ्याला हात जोडायच्या. मी म्हणायचो, पीर तीन शेरांचा कसा असेल? नक्की ह्याचा तऱ्हेवाईकपणा. तोंडावरही म्हणालो एकदा. त्यावर तो नुसता हसला होता.

सिंधूला दिवस गेले हे मला कळायच्या आत मकबूलभाईला कळलं. ती मोटारीत चढत होती. हा बघून म्हणाला, "वहिनी, सव्वा शेर वाढलं. आन मास्तरांच्या घरचं खानं तर सगळं मास्तरच खात्यात, मग हे सव्वा शेर..." आणि एकदम जीभ चावून गप्प झाला. त्या माणसानं अर्धवट सोडलेलं ते पहिलं वजन. सिंधू लाजून लाल झाली आणि मी बाप होणार असल्याचं मला तिथल्या तिथं समजलं. त्या दिवसापासून तिला गोदडीची घडी घालून बसवायचा आणि खड्डा आला की मोटार अशी हळू घ्यायचा की म्हशी पुढं जायच्या. मला मात्र मागं, जावयाच्या शेजारी.

पहिलं बाळंतपण माहेरी, लोणावळ्याला, हे ठरलेलं होतं. मकबूलभाई दर खेपेला बजावायचा, "आता न्या मास्तर. जड झाल्याव हलवू नगा." पण शाळेची तपासणी आली होती. मी म्हटलं, साहेब एकदा येऊन जाऊ देत, शनिवारी नेतो. अजून तीन आठवडे आहेत. माझं गणित कधी चुकत नाही.

चुकलं. बाजारच्या दिवशी सकाळी सिंधूला कळा सुरू झाल्या. गावची सुईण गोदामावशी आली, तिनं पोटाला हात लावून बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. "मास्तर, मूल आडवं हाय. हे माज्या हातचं न्हाई. लोनावळ्याला डाक्टरीनबाईकडं न्या, न्हाईतर दोघांचं बी काय खरं न्हाई."

मी चावडीकडे धावत सुटलो. मी धावतोय हे बघूनच लोकांना कळलं की काहीतरी भयंकर झालंय. मोटार बाजाराला निघायच्या बेतात होती. भट्टी पेटलेली, माणसं मोजून झालेली, दार लागलेलं. मी धापा टाकत सांगितलं. मकबूलभाईनं दार उघडलं आणि एकच शब्द बोलला, "उतरा."

एकानंही का म्हणून विचारलं नाही. माणसं उतरली, त्यांची गाठोडी उतरली. मग त्यानं एक बाकडं काढून टाकलं, दुसरं काढलं, ताडपत्री सोडली, हत्यारांचं खोकं खाली ठेवलं, अंगातला कोट फेकला, वहाणा फेकल्या. चावडीपुढं अर्धी मोटार पडली होती. घरी येऊन सिंधूला गोदड्यांवर निजवलं, गोदामावशी तिच्या उशाशी बसली आणि मी पायरीवर पाय ठेवला.

"तुमी न्हाई."

"अहो, मी नवरा आहे!"

"नवरा हाय म्हनून वजन कमी भरतं का? दोन मण बावीस."

"तेरा मण चोवीस चालतं ना तुम्हाला? हे मला धरून सात मणसुद्धा नाही!"

"त्यो रोजचा हिशेब. आज खिंडीत थांबायचं न्हाई. आज जेवढं कमी तेवढं." मग त्यानं आवाज खाली आणला. "मास्तर, हात जोडतो. तुमी पायवाटेनं फुडं व्हा. गाडी आडली तर ढकलाया कुनी तरी पायजे. आन ढकलाया जडच मानूस लागतो."

माझं वजन कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं, ही पहिलीच वेळ. मी निघालो. पायवाट सरळ अंगावर येणारी. वळून बघतो तर मोटारीतून उतरवलेले सगळे पॅसेंजर माझ्या मागं, बाजार सोडून. ते दोघे चुलतभाऊसुद्धा, एकापुढं एक. मला रडूच यायला लागलं, पण चढावर रडायला दम पुरत नाही.

मोटार शेवटच्या वळणावर खोकली आणि उभी राहिली. आम्ही मागून भिडलो. मकबूलभाई सुकाणू धरून ओरडला, "बरकत!" पहिला रेटा. "दोन!" दुसरा. आतून सिंधूचं कण्हणं ऐकू येत होतं आणि माझ्या पायांखालची खडी मागं मागं सरकत होती. मी देवाला म्हटलं, तपासणी, नोकरी, काय न्यायचं ते ने, पण हिला सोड. "सहा!" ला इंजिननं खाकरा काढला आणि "सात!" ला मोटार खिंडीच्या माथ्यावर होती. खिंड ओलांडताना मकबूलभाई रडत होता, असं गोदामावशीनं मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, भट्टीचा धूर असेल.

"आता तरी चढू?" मी विचारलं.

"उताराव तर मुळीच न्हाई. ब्रेक तुमाला वळखत न्हाई." आणि गेलासुद्धा.

मी कामशेतपर्यंत चाललो आणि तिथून आगगाडीनं लोणावळ्याला पोचलो. दवाखान्याच्या पायरीवर मकबूलभाई अनवाणी बसला होता, तोंड कोळशानं काळं. मला बघून उठला. "पोरगी झाली. दोघी बी बऱ्या हायेत." मग तोच म्हणाला, "वजन किती भरलं, इचारा की."

मी आत जाऊन आलो. नर्सबाई म्हणाल्या होत्या, सव्वासहा पौंड.

त्यानं बोटांवर हिशेब केला. "तीन शेर," तो अगदी हळू म्हणाला.

"चला की आत, बघा तरी."

"नगं. भट्टी थंड हुती." आणि चहाही न घेता चालता झाला. मला राग आला, खोटं कशाला सांगू? ज्यानं उभं पवन मावळ तोललं, त्याला माझ्या मुलीचं तोंड बघावंसं वाटलं नाही!

सव्वा महिन्यानं आम्ही तिला घेऊन काल्याला निघालो. कामशेतला उतरलो तर भट्टी पेटायला अवकाश होता, म्हणून मकबूलभाईची बायको, हलीमाभाभी, आम्हाला घरी घेऊन गेली. स्टेशनामागं दोन खोल्यांचं घर. तिनं बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावलं, आम्हाला चहा दिला. मी खुशीत होतो. म्हटलं, "भाभी, आता तरी सांगा. ते तीन शेर कुणाचे? भाई काही ताकास तूर लागू देत नाहीत."

भाभी बाळाच्या गालावरचं काजळ नीट करत म्हणाली, "आमच्या पोरीचं."

सिंधूनं माझ्याकडे बघितलं. भाभी सांगत होती, "एकोणीस वर्सं झाली. मी म्हायेरी हुते, तुमच्या काल्यालाच. दिस भरलं, पन सुटका हुईना. हे मला कामशेतला आनाया पेढीची बैलगाडी घिऊन आलं. मालकानं सांगितलं हुतं, येताना पाच पोती बी आन. गाडीला पाच चालत्यात. मी बसल्याव चारच घ्याया पायजे हुती, ह्यांच्याबिगर कुनाला ठावं? पन मालकाचा माल. ह्यांनी पाच बी घेतली. सोताच्या हातानं चढिवली, मोजून. बरकत, दोन, तीन, चार. पाचवं चढिवताना माज्याकडं बघितलं. मी बी म्हनलं, असू द्या."

बाहेर भट्टीचा भाता ऐकू येत होता.

"खिंडीत गाडीचा आख मोडला. तितंच झाली पोरगी. रडली बी. दुसरी गाडी येईपतुर न्हाई ऱ्हायली. ह्यांनी दोनी हातांव घेतली आन म्हनलं, तीन शेर. येवढंच बोललं. दुसऱ्या दिशी पेढी सोडली. पुना मूल न्हाई झालं आमाला. गाडी घेतल्यापास्नं तेवढी जागा तिची ठिवत्यात."

माझ्या डोळ्यांपुढं ती आंबेमोहराची पिशवी आली. त्याच्या तोंडावर मी त्याला तऱ्हेवाईक म्हणालो होतो, आणि तो नुसता हसला होता. मला इतकी शरम वाटली की चहाचा कप खाली कुठं ठेवावा तेही सुचेना.

बाहेर भोंगा वाजला. मोटार दारातच उभी होती, काल्याचे पॅसेंजर जमले होते. मकबूलभाई नेहमीसारखा एकेकाला तोलत होता. माझ्यापाशी त्याची नजर आली तशी मीच खाली बघितलं. त्यानं बेरीज केली. तेरा मण चोवीस. तो दाराशी येऊन उभा राहिला, आणि सिंधू पुढं झाली. तिनं मुलगी त्याच्या हातांवर ठेवली.

"भाई," ती म्हणाली, "आधी हिला मोजा."

पोती उचलून घट्टे पडलेले ते हात त्यानं तिच्याखाली ओंजळीसारखे केले. कोपरं पोटाशी घट्ट धरली. मुलीनं त्याच्या कोळशानं भरलेल्या सदऱ्याचं बटण धरलं.

"चार शेर," तो म्हणाला. मग घाबरल्यासारखा माझ्याकडे बघून, "मास्तर, जागा तिनाचीच हाय."

माझ्याकडे कसलंच गणित नव्हतं. मुलगी एका हातावर सावरून त्यानं आपल्या सीटखालचा पाण्याचा तांब्या काढला आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवला. "ह्यो एक शेर. ऱ्हाऊ दे हितंच."

मग त्यानं सिंधूला त्या पुढच्या कोपऱ्यात बसवलं आणि मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. दुपट्याचं टोक सारखं केलं. मागं सरून, दाराला हात धरून म्हणाला, "बरकत."

आणि थांबला. आम्ही सगळे उन्हात उभे होतो. कुणी घाई केली नाही. भाभी दारात तोंडाला पदर लावून उभी होती. 'दोन' म्हणायला त्याला फार वेळ लागला.

मी तिसरा होतो. माझं वजन त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही.